कोरडी गादी : अंगणातल्या कोंबड्यांच्या प्रकल्प नोंदी

२८ मे
खुराडं उभं राहिलं. आतली जागा अडीच मीटर बाय दोन मीटर, म्हणजे बारा पक्ष्यांना जेमतेम पुरेल एवढी. पक्ष्यामागे साधारण ०.४ चौरस मीटर आत आणि किमान एक चौरस मीटर बाहेर, असा हिशेब धरला. बाहेरची जागा मुद्दाम दुप्पट ठेवली आहे, मधोमध कुंपण घालून दोन भाग करायचे आहेत.

जाळीच्या बाबतीत पहिल्यांदा चुकलो होतो. ‘चिकन मेश’ नावाची ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, पण बाहेरच्याला रोखत नाही. घूस ती कुरतडते, मांजर तिच्यातून पंजा घालतं. ती काढून अर्धा इंची वेल्डमेश लावली आणि तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर माती टाकली. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटून उकरतो, लांबून नाही.

हवा येण्याजाण्याची जागा छताखाली दोन्ही बाजूंना, पक्षी बसतील त्या दांडीच्या वर. वारा अंगावर नको, पण ओल आणि अमोनिया वरून निघून गेला पाहिजे.

१० जून
बारा पिल्लं आली, एक दिवसाची. मॅरेकची (पिल्लांना लुळं पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाची) लस उबवणी केंद्रातच टोचून दिली आहे. उबेच्या खोक्यात सोडताना प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवली. एकाला समजलं की बाकीची बघून शिकतात असं म्हणतात, पण मी बाराही बुडवल्या. उगाच जोखीम कशाला.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घातलं नाही. त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. खरखरीत कापड अंथरलं, दोनतीन दिवसांनी रंध्याचा भुसा घालीन. बारीक, पिठासारखा भुसा नको, पिल्लं तोच खात बसतात.

११ जून, रात्री
थर्मामीटर ३४ अंश दाखवतोय. पहिल्या आठवड्याला ३२ ते ३५ चालतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश खाली आणायचं. पण आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघितलेलं बरं. दिव्याखाली एकावर एक चढली तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. आत्ता सगळीकडे विखुरली आहेत, काही पसरून झोपली आहेत, दोघं एका माशीच्या मागे. दिवा आहे तिथेच राहू दे.

१३ जून
एकाच्या शेपटीखाली शीट वाळून बूच बसलं होतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने सैल करून काढलं. ओढायचं नाही, कातडी निघते. आई म्हणाली, “प्रवासात गारठलं असेल.” शक्य आहे.

१७ जून
मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, डोळ्यात एकेक थेंब. बर्फात ठेवून आणली, विरघळवल्यावर दोन तासांत संपवली.

इथे एक लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न दोघातिघांनी विचारला : “नैसर्गिक पद्धतीने करतोयस ना, मग लस कशी काय?” मानमोडी विषाणूची आहे, लागली की औषध नाही आणि खुराडं रिकामं व्हायला आठवडाही लागत नाही. पिल्लाला रोगाची ओळख करून द्यायची आणि पुढचं त्याच्या शरीरावर सोडायचं, यात मला काही अनैसर्गिक दिसत नाही.

१ जुलै
तीन आठवडे झाले. पंखांची पिसं फुटली आहेत, माना उघड्या, एकंदर ध्यान. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक काठी बांधली, संध्याकाळपर्यंत पाच जण तिच्यावर. बागेतला गवतासकट मातीचा एक ढेकूळ आत ठेवला आणि सोबत बारीक खडे. कोंबडीला दात नसतात, दळण पोटात खड्यांनी होतं. नुसतं पिल्लांचं खाद्य असेपर्यंत खड्यांवाचून अडत नाही, गवत सुरू केलं की लागतात.

आजपासून पाण्यात ठेचलेला लसूण आणि एक झाकण व्हिनेगर. वाचलं तिथे सगळेच घालतात.

१३ जुलै
एक पिल्लू कोपऱ्यात गोळा होऊन बसलंय. पिसं फुलवलेली, डोळे अर्धे मिटलेले, खाण्याकडे लक्ष नाही. बाकी ठीक. लसूण दुप्पट केला.

१४ जुलै
आता चौघं तशीच. भुशावर एका ठिकाणी शीट दिसली, तिच्यात रक्त. आधी वाटलं कोणाच्या तरी पायाला लागलं असेल. नव्हतं लागलं. व्हिनेगर वाढवलं.

१५ जुलै
सकाळी एक मेलेलं.

आई आत आली. पिल्लांकडे तिने पाहिलंच नाही, सरळ पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन बसली आणि भुशात हात घातला. वरचा थर कोरडा होता. खाली चार बोटं तिने उचलून माझ्यापुढे धरलं तर काळा, चिकट लगदा, मुठीत दाबला तसं बोटांमधून पाणी आलं. भांड्याच्या बुडाला केसाएवढी चीर होती. किती दिवस झिरपत होतं कोण जाणे.

“अरे, लसूण कसला घालतोयस. ओल काढ आधी.”

दुपारी ताजी शीट डबीत घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून दहा मिनिटांत सांगितलं : कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवीमुळे होणारी रक्ती हगवण. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांचा नेहमीचा रोग. औषध अँप्रोलियम, पाण्यातून, पाच दिवस. मग विचारलं, “पाण्यात आणखी काय देता?” लसूण, व्हिनेगर आणि जीवनसत्त्वांचं टॉनिक, असं सांगितलं. टॉनिक तेवढे दिवस पूर्ण बंद. हे औषध बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसतं, परजीवी त्यालाच बी-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. आपण वरून खरं बी-१ पाजलं तर औषधाचा उपयोगच होत नाही.

परजीवीचं चक्र त्यांनी कागदावर काढून दाखवलं. शिटेतून जी अंडी पडतात ती पडल्या पडल्या कोणाला लागत नाहीत. ऊब, हवा आणि ओल मिळाली तर एकदोन दिवसांत ती पिकतात, मग पिल्लू टोचताना ती पोटात जातात, आतड्यात वाढतात, आणि हजारोंनी परत खाली. तीनपैकी ऊब मी काढून घेऊ शकत नाही, पिल्लांना ती हवीच. हवाही नाही. उरली ओल.

म्हणजे मी दोन आठवडे वरून लसणाचं पाणी पाजत होतो आणि खालून तेच पाणी झिरपून रोग पिकवत होतं.

१६ जुलै
दुसरं गेलं. औषध त्याने प्यायलंच नव्हतं, आजारी पिल्लू पाण्यापर्यंत जातच नाही. उरलेल्या दोन आजाऱ्यांना दर दोन तासांनी चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडतोय.

१८ जुलै
दोघंही उभी राहिली. एक तर दुसऱ्याच्या तोंडचा किडा पळवून धावत होतं, म्हणजे बरंच आहे.

२० जुलै
औषध संपलं. सगळी गादी, म्हणजे खाली अंथरलेला भुशाचा थर, काढली, जमीन उन्हात उघडी टाकली. नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत, म्हणून फवारण्याच्या भानगडीत पडलो नाही. खरवडणं आणि वाळवणं, एवढंच. नवा कोरडा भुसा, बारा सेंटिमीटर थर.

पाण्याचं भांडं बदललं. आता ते विटांवर ठेवलेल्या जाळीच्या चौकटीवर आहे. सांडलेलं पाणी खालच्या परातीत पडतं आणि तिथपर्यंत कोणाची चोच पोचत नाही. भांड्याचा काठ पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, पिल्लं वाढतील तसा वर. काठ खाली असला की उकरलेला भुसा आणि शीट पाण्यात जातात.

लसूण आणि व्हिनेगर बंद. विष नाहीत ती, पण जंत किंवा परजीवी मारतात याला भरवशाचा पुरावा मला सापडला नाही. आणि पत्र्याच्या भांड्यात व्हिनेगर घातलं तर त्यावरचा जस्ताचा मुलामा पाण्यात उतरतो. माझं भांडं पत्र्याचंच होतं.

४ ऑगस्ट
गादीचा नेम बसला आहे. रोज सकाळी दाताळ्याने वरखाली. आठवड्यातून एकदा नवा भुसा, साधारण दोन बोटं. मूठभर घेऊन दाबायचा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त, कोरडा भुसा घाल. दाबल्यावर क्षणभर एकत्र येऊन सुटला तर बरोबर. अगदीच धूळ उडत असेल तर तेही वाईट, सगळ्यांना शिंका.

दुसरी परीक्षा नाकाची. उभं राहून वास घ्यायचा नाही. उकिडवं बसून, तोंड कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला आणून घ्यायचा. उभ्याने काहीच कळलं नव्हतं, बसलो तर डोळे चुरचुरले. आजाऱ्यांना वाऱ्याचा त्रास होईल म्हणून जुलैत छताखालची एक बाजू पोत्याने झाकली होती, ती विसरलो होतो. पोतं काढलं, भुसा घातला. दोन दिवसांत वास गेला.

गादी नीट राहिली की खालच्या थरात हळूहळू खत तयार होत जातं आणि वरून पिल्लं ते उकरत, किडे शोधत राहतात. दाताळ्याचं अर्धं काम तीच करतात.

२५ ऑगस्ट
आता दिवसभर बाहेर. कुंपणाच्या एका बाजूला तीन आठवडे, मग दुसरीकडे. सोडलेल्या बाजूला ऊन लागतं, गवत परत येतं, जमीन विसावा घेते. दारापाशी मात्र कायम चिखल होतो, तिथे खडी पसरली.

दहापैकी तीन कोंबडे निघाले. तुरे लाल, चाल रुबाबाची, आणि एकाने काल पहिल्यांदा आरवायचा प्रयत्न केला. गंजलेलं दार उघडावं तसा आवाज. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पण पुढे पिल्लं काढायची आहेत म्हणून एक ठेवणार. तिघांतला सर्वांत शांत ठेवला, दोघे ओळखीच्यांकडे गेले. सात तलंगी आणि एक कोंबडा.

२० सप्टेंबर
अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य तलंगींना आत्ताच सुरू करू नये, हा निरोप डॉक्टरांनी मुद्दाम दिला होता. त्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. अंडी देत नसलेल्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. पहिलं अंडं दिसेपर्यंत वाढीचंच खाद्य.

स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं देतो, दुपारनंतर आणि थोडंच, नाहीतर खाद्य तसंच राहतं आणि प्रथिनं कमी पडतात. न देण्याच्या गोष्टी दारावर खडूने लिहिल्या : कच्ची कडधान्यं, हिरवट बटाट्याची सालं, अवोकाडो, चॉकलेट, खारट काहीही. आणि बुरशी लागलेलं धान्य. घरातल्या प्रत्येकाला ‘कोंबड्यांना चालेल’ असं वाटतं, पण बुरशीचं विष त्यांचं यकृत खातं. काल अर्धं पोतं असंच खड्ड्यात पुरलं, जिवावर आलं.

१४ ऑक्टोबर
घुशीने जाळीच्या कडेला उकरून बघितलं. आडव्या जाळीला अडली, थोडं सरकून परत उकरलं, परत अडली. चार ठिकाणी तसेच खड्डे. मे महिन्यातल्या त्या दिवसाच्या पाठदुखीचं सार्थक.

खाद्य आता रात्री आत ठेवत नाही.

६ नोव्हेंबर
पहिलं अंडं! १४९ वा दिवस, म्हणजे एकवीस आठवडे. लहानसं, टोकाला रक्ताची बारीक रेघ, पहिल्यांदा होतं तसं. तांबडीचं असावं, सकाळपासून ती खोके बघत फिरत होती आणि नंतर पंधरा मिनिटं सगळ्या जगाला सांगत होती.

अंड्यांची दोन खोकी आहेत, सात जणींना पुरतात. बसायच्या दांड्या खोक्यांपेक्षा उंच आहेत. कोंबडी झोपायला सर्वांत उंच जागा शोधते. खोकं उंच असलं तर ती त्यातच झोपते आणि रात्रभरची शीट अंड्यांच्या जागी.

अंडी धूत नाही. कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, तो आतल्याला जंतूंपासून जपतो. मळलेलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसतो आणि आधी वापरतो. आपले हात मात्र प्रत्येक वेळी साबणाने.

४ डिसेंबर
आज एक अंडं नुसत्या पातळ पापुद्र्याचं, हातात घेतलं तर लिबलिबीत. नव्या कोंबडीचं एखाददुसरं असं येतं. तरी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवला, ज्याला हवा तो खातो. कोंबडा तिकडे फिरकत नाही, तलंगी बरोबर संध्याकाळी जातात. कवच बहुतेक रात्रभरात चढतं, वीसेक तास लागतात.

घरची टरफलंही देतो, भाजून आणि अगदी बारीक कुटून. अर्धं टरफल तसंच टाकलं तर त्यांना ओळख पटते आणि मग स्वतःची अंडी फोडायची सवय लागते.

दिवस लहान झालेत, अंडी सातावरून तीनवर. चौदा ते सोळा तास उजेड असला की अंडी भरपूर. दिवा लावून तो वाढवता येतो, पण नाही लावणार. विश्रांती घेऊ देत.

१९ जानेवारी
तीन दिवस काहीतरी बिनसलंय. अंधार पडला तरी कोंबड्या आत जायला तयार नाहीत, दारात घुटमळतात. दोघींचे तुरे फिके. दिवसा अंग तपासलं, पिसांच्या मुळाशी, शेपटीखाली. उवा नाहीत, लिखा नाहीत. धुळीची अंघोळ तर रोज चालते : खड्ड्यात कोरडी माती, वाळू आणि लाकडाची राख, त्यात लोळून पिसं फुलवून झटकतात. मग काय?

रात्री दहा वाजता टॉर्च घेऊन गेलो. दांडीच्या खालच्या बाजूला, जिथे ती भिंतीतल्या खाचेत बसते तिथे पांढरा कागद घासला. कागदावर लाल रेघा उमटल्या. लाल माइट. दिवसभर लाकडाच्या फटीत, रात्री कोंबडीवर चढून रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत. म्हणून दिवसा अंगावर काही सापडत नव्हतं आणि म्हणूनच धुळीच्या अंघोळीने काही झालं नाही. अंघोळ उवांसाठी, जे अंगावरच राहतं त्याच्यासाठी. ही मंडळी पक्ष्यावर राहत नाहीत, घरात राहतात.

२० जानेवारी
दांड्या काढल्या. सगळे सांधे आणि खाचा खरवडल्या, उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर फटींत तेल भरलं. खरवड जाळून टाकली. डायटोमाइटची (सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेल्या मातीची) भुकटी सुचवली गेली होती, घेतली नाही. ती धूळ कोंबडीच्या आणि माझ्या फुप्फुसाला चांगली नाही, आणि ओलसर जागी ती निकामीच होते.

ऊब असली तर यांची एक पिढी आठवड्याभरात पुरी होते, म्हणून हेच दर सहा दिवसांनी, चार वेळा. उपाशी महिनोन् महिने राहू शकतात, तेव्हा ‘चार दिवस कोंबड्या दुसरीकडे हलवू’ या सल्ल्यात अर्थ नाही.

९ फेब्रुवारी
कागद पांढरा. नव्या दांड्या खाचेत न बसवता दोन खुंट्यांवर टेकवल्या आहेत, उचलून बघता येतात. दर रविवारी कागद घासायचा. तुरे परत लाल.

१४ फेब्रुवारी
तांबडी खुडूक झाली. खोक्यात चपटी होऊन बसली आहे, हात नेला की दुप्पट फुगते आणि घशातून करवतीसारखा आवाज काढते. पोटाखालची पिसं उपटून तिथे उघडी गरम कातडी केली आहे. अंडी हवी असती तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीनचार दिवस ठेवून उठवली असती. पण मला हेच हवं होतं. वेगळ्या कोपऱ्यात खोकं केलं, रात्री नऊ अंडी खाली सरकवली. तिने चोचीने एकेक आत ओढून घेतलं.

२१ फेब्रुवारी
सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघितली. सातांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका. दोन निव्वळ कोरी, काढली. तांबडी दिवसातून एकदाच उठते, वीसेक मिनिटं : खाणं, पाणी, एक अवाढव्य दुर्गंधी शीट, धुळीत घाईची अंघोळ, परत.

७ मार्च
एकविसावा दिवस. सातांपैकी सहा बाहेर, सातव्याची आतून टकटक नाही. कालपासून ती अंड्यांशी बारीक आवाजात बोलत होती. सहांनाही अजून भूक नाही, पोटातल्या बलकावर दोन दिवस निघतात.

दिवा नाही, थर्मामीटर नाही, चोच बुडवणं नाही. ती पाण्यात चोच घालते, बाकीचे घालतात. खाद्य सगळ्यांना पिल्लांचंच. ती अंडी देत नाही, तिला जास्तीचं कॅल्शियम सध्या नकोच.

२४ मार्च
चौथ्या दिवसापासून पिल्लं जुन्या गादीवर उकरतायत. मला धाकधूक होती, डॉक्टर म्हणाले कोरड्या गादीतून थोडा थोडा परजीवी पोटात गेला तर शरीर त्याच्याशी लढायला शिकतं, एकदम लोंढा आला की मरतात. लोंढा ओलीत येतो.

घार वर दिसली की तांबडी एकच लांब आवाज काढते आणि सहाच्या सहा गायब. तिच्या पंखाखालून फक्त बारा पाय दिसतात, कधी अकरा.

११ एप्रिल
पस्तिसावा दिवस. मागच्या वेळी याच वयात पहिलं गेलं होतं. सकाळी गुडघ्यावर बसून सगळी गादी बघितली. शिटा घट्ट, टोकाला पांढरी टोपी, रक्त कुठेही नाही. भांड्याखाली हात घातला, चार बोटं खाली. कोरडं. भांडं एक वीट वर घेतलं, पिल्लांच्या पाठी आता तिथपर्यंत आल्या आहेत.